पडलेल्या गाण्याचं नाव

आमचा गाण्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. सुरुवातीला आम्ही चौघंच होतो. आता पन्नासेक माणसं झालीत आणि त्यातल्या एकालाही गाणं ऐकायचं नसतं. सकाळी कुणीतरी लिंक टाकतो, अर्ध्या मिनिटात तिच्याखाली सात-आठ अंगठे उगवतात. गाणं साडेपाच मिनिटांचं. एकदा न राहवून मी विचारलं, बाबांनो, अर्ध्या मिनिटात कधी ऐकलंत? त्यावर एकानं फुलांचा गुच्छ पाठवला. दुसऱ्यानं लिहिलं, ‘काका, तुमी लय मनावर घेता.’

घेतो. जन्मभर घेत आलो, आणि त्याचा मला गर्वही होता. त्या गर्वापायी मी एका मुलीचं गाणं बंद पाडलं, आणि पाडलं हे मला कित्येक वर्षं ठाऊकही नव्हतं. ग्रुपवर हे लिहिलं तर त्याच्याखालीही अंगठेच येतील, म्हणून इथं लिहितोय.

मानवतला बाजाराच्या रस्त्यावर माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. एक अरुंद खोली, फळीवर पोट उघडे पडलेले टेप, सोल्डरचा वास, आणि आतल्या भिंतीशी मी स्वतः बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर. त्याला सागवानी खोक्यांत बसवलेले दोन स्पीकर. कापसाच्या हंगामात समोर गाड्यांची रांग लागायची, शटर अर्धं ओढलं तरी धुरळा आत यायचा, पण त्या स्पीकरांवर मी कधी धूळ बसू दिली नाही. त्यावर एकदा गाणं ऐकलं की माणसाला घरचा टेप नकोसा व्हायचा. हे मी फुशारकीनं सांगत नाही. बरं, फुशारकीनंच सांगतोय.

बाजाराच्या दिवशी दुपारी तिथं आम्ही चौघं जमायचो. एक उर्दू शाळेतले मास्तर, कव्वालीवर जीव टाकणारे. दुसरा एसटीतला कंडक्टर. त्याला ठेका लागे. पाय हलला नाही तर ते गाणंच नव्हे असं त्याचं म्हणणं. तिसरा पोखर्णीच्या बाजूच्या एका खेड्यातला शेतकरी, गावच्या भजनात पखवाज वाजवायचा, म्हणून आम्ही त्याला भजनीच म्हणायचो. आणि चौथा मी, जुन्या संथ गाण्यांचा. मला तिघंही मिस्तरी म्हणत.

सुरुवातीला नुसतीच भांडणं व्हायची. मास्तरांनी कव्वाली काढली की कंडक्टर म्हणायचा, ‘आलं ह्येंचं टाळ्या पिटणं.’ त्यानं वरातीतलं एखादं नवं गाणं काढलं की मी पाकिटावरचं नाव वाचूनच तोंड वाकडं करायचो. नाव कळलं की आमचे कान मिटायचे. कधी गाणाऱ्याची जात आठवायची, कधी धर्म, कधी नुसतंच वय. एकदा मास्तर रागावून चप्पल घालायला उठले तेव्हा भजनीच म्हणाला, “नावच सांगू नगा ना. पयलं ऐका, मग बोला, आन् मग नाव.”

असा तो नियम झाला. ज्याची पाळी असेल त्यानं नाव न सांगता गाणं लावायचं. बाकीच्यांनी मत द्यायचं. मग लावणाऱ्यानं नाव सांगायचं. गाणं तिघांनाही पटलं नाही तर ते पडलं. पडलेल्या गाण्याचं नाव कुणी विचारायचं नाही आणि त्यानंही सांगायचं नाही. आणणाऱ्याची अब्रू राहावी म्हणून हे शेवटचं कलम. त्यात माझं एक कलम मी घुसवलं: मशीन माझं, बटन माझं, गाणं सोसवेना झालं तर मी मधूनच बंद करणार. कुणी हरकत घेतली नाही. माझ्या कानाचा त्यांना धाक होता, आणि तो मला आवडायचा.

खरं सांगायचं तर या नियमानं आम्हाला सुधारलंही. एकदा मास्तर डोळे मिटून ‘वाह, वाह’ करत राहिले आणि नाव निघालं ते कंडक्टरच्या मेव्हण्याच्या हलगीपथकाचं. मास्तर हसून हसून लाल झाले. “हौ, फसाया तुमने,” म्हणाले, आणि पुढच्या बाजारी ते रेकॉर्डिंग मागून घेऊन गेले. मीही एकदा एका कव्वालीवर पाणी पुसलं डोळ्यांचं. ते मास्तरांनी वर्षभर सगळ्यांना सांगितलं.

मग काळ बदलला. कॅसेट गेली, सीडी आली आणि गेली, पेन ड्राइव्ह आले. की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड गावोगावी शिरले. आधी आम्ही कोणतं गाणं चांगलं यावर भांडायचो, आता गाणं कशाला म्हणायचं यावर भांडू लागलो. बासरीचा आवाज की-बोर्डमधून, ढोलकीचा आवाज प्लॅस्टिकच्या चकतीतून, आणि गळा बेसूर असला तर तोही कॉम्प्युटरवर सरळ करून मिळतो म्हणे. मी दर बाजारी यावर तोंड सोडायचो. कंडक्टर ऐकून घ्यायचा नाही. “मिस्तरी, परभणीपस्तोर माणसं हुबी राहून येत्यात. कुणाच्या तरी मोबाइलवर ठेका वाजला की त्येंचं तोंड खुलतंय. तुमचं रडकं गाणं वाजलं तर माणूस मधीच उतरंल.” मास्तर दोन्हीकडून बोलायचे. भजनी कमी बोलायचा. सगळ्यांचं झालं की माझ्याकडे बघून विचारायचा, “मिस्तरी, तुमचं काय म्हणणं?” आणि मी जे म्हणेन त्याला मान हलवायचा.

एका बाजारी तो उशिरा आला. त्याच्या गावात सप्ताह नुकताच संपला होता. शेवटच्या दिवशी गावातल्या नव्या पिढीनं भाड्यानं की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड आणला होता, आणि याला सांगितलं, आज पखवाजाचं काम नाही. यानं तर पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक मळून ठेवली होती. म्हणाला, “बसलो मांडीवर घिऊन. कणीक वाळून गेली.” एवढंच. तक्रारीचा सूरसुद्धा नव्हता. त्याच्या वाटचं मीच संतापलो. त्या गावाला, त्या यंत्रांना, त्या वाजवणाऱ्यांना मी अशा शिव्या घातल्या की समोरचा आडतीवरचा माणूस बघायला लागला.

त्यानंतरच्या बाजारी त्यानं ते गाणं आणलं.

त्या दिवशी त्याच्या खिशात काय होतं हे मला फार उशिरा कळलं, पण इथं आधीच सांगतो, म्हणजे मी काय केलं ते नीट कळेल. त्याची थोरली लेक त्या वर्षी बारावी झाली होती. ती गायची. शाळेच्या स्नेहसंमेलनात गायची, कापूस वेचताना गायची, आणि तिच्यासाठी यानं स्वतः एक गाणं बांधलं होतं. परभणीत तिचे मामा राहत होते. त्यांच्याकडे ठेवून तिला कॉलेजात संगीत शिकवायचं, असं याच्या मनात होतं. घरात दुसरं कुणी त्याच्या बाजूनं नव्हतं. स्थळं यायला लागली होती. तेव्हा यानं घरी सांगितलं होतं: दुकानात हिचं गाणं लावतो. तिथं नाव सांगत नाहीत, त्यामुळे कुणी तोंडदेखलं बोलणार नाही. त्यांनी चांगलं म्हटलं तर पोरगी परभणीला जाईल. नाहीतर तुमचं खरं.

मला आठवतं, त्या दिवशी त्याचा सदरा इस्त्रीचा होता. बाजार न करता तो थेट दुकानात आला. पेन ड्राइव्ह रुमालाच्या गाठीत बांधून आणला होता. मी हसलोसुद्धा, सोनं आणलंय काय म्हणून. तो म्हणाला, “लावा तरी.”

मी लावलं आणि पहिलाच आवाज आला की-बोर्डचा. खोटी बासरी. मागोमाग ऑक्टोपॅड, टक-टक-टक-टक. माझं डोकं तिथंच फिरलं. गेल्याच बाजारी मी याच्यासाठी घसा कोरडा केला होता, आणि हा तेच उचलून आणतो? मग एका मुलीचा आवाज सुरू झाला. कापूस वेचणाऱ्या बाईचं गाणं होतं. ‘वेचता वेचता दिस बुडाला, ओटी भरंना माय.’ शब्द ऐकले मी. आवाज ऐकला नाही. मी त्या टक-टकीशीच भांडत होतो. पहिला अंतरा संपला, पुन्हा ती खोटी बासरी आली, आणि मी हात लांब करून बटन बंद केलं.

“हिला म्हणावं कापूसच येच, बाई,” मी म्हणालो. “गळ्यापेक्षा हात बरा चालत असंल.”

कंडक्टर फसकन हसला. तो आतापर्यंत मान डोलवत होता, मी पाहिलं होतं, पण माझं वाक्य झाल्यावर म्हणाला, “जाऊ द्या, पडलं.” मास्तरांना हसू आवरलं नाही. हसून झाल्यावर ते म्हणाले, “मिस्तरी, पुरा सुनने तो देते.” मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. मग तेही म्हणाले, पडलं.

भजनी हसला. खरंच हसला, आमच्याबरोबर. पेन ड्राइव्ह काढून त्यानं परत रुमालाच्या गाठीत बांधला. मी विचारलं, “असलं कुठून उचललंव?” आणि मग मलाच नियम आठवला. म्हणालो, “बरं, नाव इचारायचं न्हाई.”

“न्हाई,” तो म्हणाला, “नगाच इचारू.”

यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही, की तो त्यानंतरही येत राहिला. दोन-अडीच वर्षं. रुसून गेला असता तर मी विचारलं असतं, कदाचित छडा लावला असता. तो तसाच बसायचा, चहा घ्यायचा, माझ्या म्हणण्याला मान हलवायचा. फक्त त्याची पाळी आली की म्हणायचा, “माजी पाळी मिस्तरीला द्या.” आणि मी खुशीनं घ्यायचो. एक गाणं जास्त लावायला मिळतंय म्हणून. गाणं पडलं त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात लेकीचं लग्न झालं. आम्ही तिघंही गेलो होतो. जेवणाच्या पंगतीत बसून मी वरातीच्या डीजेला नावं ठेवली, आणि तो वाढणाऱ्याला म्हणाला, मिस्तरीला आणखी एक बालूशाही द्या.

पुढं मास्तर रिटायर होऊन परभणीला गेले, कंडक्टरची बदली झाली, भजनीचे गुडघे गेले. बैठक मोडली आणि तिच्या जागी तो ग्रुप आला. रेडिओ-टेप तर कधीच संपले होते. आता माझ्याकडे दुरुस्तीला काय येतं? डीजेचे अ‍ॅम्प्लिफायर आणि मिक्सर. ज्या ठेक्याला मी वीस वर्षं शिव्या घातल्या तोच ठेका आता मला जेवू घालतो. लोक लांबून बोलावतात. जळालेला बोर्ड हातात घेतला की हा किती आवाजावर आणि किती तास चालवला हे मी सांगतो, आणि लोकांना अजून माझ्या कानाचं कौतुक वाटतं.

गेल्या लग्नसराईत जिंतूरहून असाच एक फोन आला. डीजेवाला होता, दुसऱ्या दिवशीचं लग्न होतं, बोर्ड बंद पडला होता. सकाळच्या गाडीनं गेलो. गावाबाहेरचं घर, दारात टेम्पो, ओसरीत एकावर एक रचलेले स्पीकर. मालक मला बोर्ड दाखवून जनरेटरच्या कामाला निघून गेला. पाणी घेऊन एक बाई आली. तिशीच्या आतलीच असेल, कडेवर लेकरू.

“मिस्तरीकाका, वळखलं न्हाई का?”

मी ओळखलं नव्हतं. तिनं बापाचं नाव सांगितलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. भजनीची लेक, या डीजेवाल्याची बायको! गुडघे कसेत, पाऊस कसा झाला, सगळं विचारलं. तिनं चहा ठेवला. मी बोर्ड उघडला. काम फार नव्हतं, सोल्डरचे दोन टाके सुटले होते आणि एक पार्ट जळाला होता. तासाभरात झालं.

“बाई, काहीतरी लाव,” मी म्हणालो. “वाजवून बघू.”

ती आत गेली आणि एक जुना पेन ड्राइव्ह घेऊन आली. “ह्यो लावा.”

मी लावला. खोटी बासरी वाजली. मागोमाग टक-टक-टक-टक. ऐकलंय कुठंतरी असं वाटेपर्यंत मुलीचा आवाज सुरू झाला, वेचता वेचता दिस बुडाला, आणि पहिला अंतरा संपला तेव्हा माझा हात सवयीनं बटनाकडे गेला होता.

“राहू द्या, काका,” ती म्हणाली. “त्या दिवशी इथंच बंद केलं व्हतं ना तुमी? आता पुढचं ऐका.”

माझा हात तिथंच राहिला. बासरी थांबली, टक-टक थांबली. दुसऱ्या अंतऱ्याला काहीच वाद्य नव्हतं, नुसता तिचा आवाज. दोन ओळी ती एकटी गायली. उघडा, किंचित खरखरीत, उन्हात उभ्या राहिलेल्या बाईचा आवाज. कुठंही न थरथरता तो वर गेला आणि जिथं जायचं तिथंच जाऊन थांबला. तिसऱ्या ओळीला पखवाज आला. तो हात मी झोपेतसुद्धा ओळखला असता. डाव्या तोंडावरची ती भरीव, ओल्या कणकेची थाप. अर्धं मिनिट, फक्त अर्धं मिनिट मी त्या दिवशी थांबलो असतो, तर नाव विचारायची गरजच पडली नसती.

गाणं संपलं. डीजेच्या स्पीकरांवर वाजल्यामुळे शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. ती त्यांना म्हणाली, काही न्हाई, मशीन बघायलेत.

मग तिनं मला सगळं सांगितलं. मामाचं घर, कॉलेज, घरातली बोलणी, बापानं लावलेली पैज म्हणा की अट म्हणा. स्टुडिओवाल्यानं की-बोर्डशिवाय करणार नाही म्हटलं, तेव्हा बापानं त्याच्याशी भांडून दुसरा अंतरा मोकळा ठेवून घेतला होता. “मिस्तरीला दुसरा अंतरा आवडंल बघ, असं म्हणले व्हते आबा जाताना,” ती म्हणाली.

“आणि आल्यावर?”

“आल्यावर तुमचं वाक्य सांगितलं. जसंच्या तसं.” तिनं ते मला म्हणून दाखवलं. हिला म्हणावं कापूसच येच, बाई. गळ्यापेक्षा हात बरा चालत असंल. माझी लकबसुद्धा त्यात होती. “मिस्तरीनं नाव न ऐकता सांगितलंय म्हणल्यावर त्ये खरंच असणार, म्हणले. मग आमच्या घरात त्यावर कुणी बोललंच न्हाई.”

“तू काय केलंस मग?”

“कापूस येचला,” ती म्हणाली. “त्या साली लय आला व्हता.”

मला तिची माफी मागायची होती. कसंबसं म्हणालो, माझी चूक झाली. ती म्हणाली, “चूक कुणाची त्ये न्हाई इचारत मी, काका. मत सांगा. नियमच हाय ना तुमचा, ऐकून मत सांगायचं.” मी सांगितलं. जे खरं होतं ते सांगितलं, की इतका स्वच्छ आणि ठाम गळा मी त्या दुकानात कुणाच्या रेकॉर्डवर क्वचित ऐकला, की तिला परभणीला पाठवायलाच हवं होतं, की त्या दिवशी मी गाणं ऐकलंच नव्हतं, नुसता माझा राग ऐकला होता. ती ऐकत होती. लेकरू तिच्या बांगड्यांशी खेळत होतं.

“ह्ये आबाला सांगता का?” तिनं विचारलं. पहिल्यांदाच तिचा आवाज जरा हलला.

तिनंच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडून तोच शांत आवाज आला. मी म्हणालो, “भजनी, मी मिस्तरी. तुमच्या लेकीच्या घरून बोलायलोय. त्या दिवशीचं गाणं आज पुरतं ऐकलं. लय चांगलं गायलीय पोरगी. तवा मी चुकलो. दुसऱ्या अंतऱ्याला तर...”

“लेकीच्या घरी गेलाव व्हय?” तो म्हणाला. “चहा घेतला का?”

“घेतला. आहो, मी गाण्याचं सांगायलोय.”

पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. तो बांधावर असावा.

“मिस्तरी,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, समजूत घालणं होतं, “आता कशाला खोटं बोलायलाव? तवा तुमाला नाव ठावं नव्हतं, म्हणून खरं बोललाव. आता ठावं झालं.”

मी पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. तो हौ, हौ म्हणत राहिला, दुकानात म्हणायचा तसाच. मग गाडी चुकवू नका म्हणाला आणि फोन ठेवला. लेकीनं पेन ड्राइव्ह काढून पदराच्या टोकात बांधला आणि लेकराला घेऊन आत गेली. मालक परत आला तेव्हा त्यानं दुसऱ्या दिवशीच्या वरातीचं गाणं लावून बोर्ड तपासला, आणि मला विचारलं, काका, आवाज बरा येतोय ना?